आमची वाटचाल: तापणाऱ्या गाड्यांचं गॅरेज

गॅरेज सुरू केलं तेव्हा ब्रेक, क्लच, सर्व्हिसिंग, येईल ते काम घेत होतो. तापणाऱ्या जुन्या गाड्या हे आमचं खास काम होईल, असं काही ठरवलेलं नव्हतं. पण रेडिएटर नवा, वॉटर पंपही बदललेला आणि तरी तापमानाचा काटा लाल रेषेवर, अशा गाड्या येत राहिल्या. मालकाचे पैसे गेलेले आणि दुखणं जिथल्या तिथे. ते बघवत नसे. त्यातूनच आमचा नियम ठरला: कारण सापडल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही.

बॉनेट उघडण्याआधी आम्ही विचारतो, गाडी तापते कधी? सिग्नलला उभी राहिली की तापते आणि पळायला लागली की काटा उतरतो, तर आधी हवेकडे बघायचं: फॅन, त्याला वीज पोचवणारा रिले, पाणी तापलं की तो चालू करणारा थर्मोस्विच, एसीच्या कंडेन्सरमध्ये (रेडिएटरपुढच्या जाळीत) बसलेली माती. हायवेला किंवा चढावर तापत असेल तर पाणी नीट फिरत नाही किंवा रेडिएटर आतून चोक झालाय, हा पहिला संशय. अर्धी शोधाशोध या एका प्रश्नाने वाचते.

रेडिएटरच्या झाकणाकडे तर कुणी बघतच नाही. साधारण १ बारचा दाब टिकला तर पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाची स्प्रिंग ढिली पडली की तो फायदा गेलाच. म्हणून आमचं पहिलं मोठं हत्यार होतं प्रेशर टेस्टर. थंड इंजिनवर दाब भरायचा आणि काट्यावर नजर ठेवायची. दाब उतरला की गळती आहेच, बाहेर नाहीतर आत.

रेडिएटरच्या खालच्या होज पाइपकडेही आम्ही मुद्दाम बघतो. आयडलला तो ठणठणीत दिसतो. रेस वाढवली की पंपाच्या ओढीने कधीकधी चपटा होतो, कारण आतली स्प्रिंग गंजून गेलेली असते. वर्षानुवर्षं गंज रोखणाऱ्या कूलंटऐवजी साधं पाणी भरलेल्या गाडीत पंपाची पातीही अशीच खाल्लेली सापडतात.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकायचा सल्ला आजही सर्रास दिला जातो. आमचा त्याला ठाम विरोध आहे. इंजिन थंड राहून पेट्रोल जास्त पितं, आणि काही इंजिनांत बायपास (रेडिएटर टाळून जाणारी वाट) उघडाच राहिल्याने गरम पाणी रेडिएटरमध्ये न जाता तसंच फिरत राहतं. म्हणजे ज्यासाठी काढला, तेच दुखणं वाढतं.

हेड (इंजिनचा वरचा भाग) खोलायचं काम सगळ्यात शेवटी. आधी निळ्या द्रवाची टेस्ट करतो. जळलेला वायू कूलंटमध्ये येत असेल तर द्रव पिवळा पडतो. तो रंग मालकाला दाखवूनच खर्चाची गोष्ट काढतो.

तपासणीचे पैसे वेगळे घ्यायला लागलो तेव्हा बरेच जण कुरकुरले. पण नको असलेला पार्ट न बदलता गाडी घेऊन गेलेली माणसं परत आली, ओळखीच्यांनाही पाठवू लागली. आता दुसरी गॅरेजही न सापडणाऱ्या केसेस आमच्याकडे पाठवतात. नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो, इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, कितीही घाई असो.

काम झालं तरी गाडी त्याच संध्याकाळी देत नाही. एसी लावून चढावर चालवतो, रात्रभर थंड होऊ देतो. सकाळी कूलंटची पातळी जशीच्या तशी असेल, तरच चावी मालकाच्या हातात देतो.