गायरानाचे कागद

बीड जिल्ह्यात 'जिजा' म्हटलं की अॅड. एकनाथ आवाड. तेलगावातून मानवी हक्क अभियान चालवणारे जिजा २५ मे २०१५ ला गेले. त्यांच्या मोर्च्यांवर अजून भरपूर बोललं जातं. पण त्यांच्या कामाचा कणा होता गायरान जमीन, म्हणजे गावाच्या गुरचराईसाठी राखलेली सरकारी जमीन, ती कसणाऱ्या भूमिहीनांच्या नावावर करणं. आणि गायरानाचं निम्मं काम तलाठ्याच्या दप्तरात चालतं. नव्या कार्यकर्त्यांना घोषणा पाठ असतात, दप्तर वाचता येत नाही.

२८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने भूमिहीनांची गायरानावरची, १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. म्हणजे प्रश्न एकच उरतो: तेव्हा जमीन कसत कोण होतं? याचा पुरावा गाव नमुना एक-ई, म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीत सापडतो. दुसरा पुरावा दंडाची पावती. दंड झाला की माणूस हिरमुसतो आणि पावती चुलीत जाते. अहो, तुमचा कब्जा सरकारनेच तारखेसह लिहून दिलाय की त्यात!

नोंदवहीची नक्कल माहिती अधिकारात मागावी: दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. 'अभिलेख आढळत नाही' असं उत्तर आलं तर पहिलं अपील करावं, सोबत दप्तर स्वतः पाहू द्या असंही मागावं. वही बऱ्याचदा तिथेच निघते. नाव मात्र सासऱ्याचं असतं आणि अर्ज सुनेचा. वारसाचा कागद जोडला नाही की फाइल तिथेच अडते.

गावाच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढा, असं सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपाल सिंग निकालानंतर 'गायरान बंद झालं' असं तोंडी सांगून लोकांना परत पाठवतात. त्याच निकालात, शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीनांना वा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद आहे. म्हणून नकार लेखीच मागायचा. तोंडी नकारावर अपील होत नाही. तहसीलदाराच्या लेखी आदेशावर साठ दिवसांत होतं.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचा घोळ वेगळाच. दिवाळीनंतर कुटुंब कारखान्यावर, आणि पंचनामा नेमका तेव्हाच. शेरा पडतो, 'जागेवर कोणी आढळले नाही'. जाण्याआधी उभ्या पिकाचा फोटो, शेजाऱ्याचा जबाब आणि कोणत्या कारखान्यावर जातोय याचा अर्ज तहसीलला द्यावा. आवक क्रमांक टाकून शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नये.