आमची वाटचाल : जुन्या ड्रॉइंगची फाईल

आम्ही हायड्रॉलिक सिलिंडर बनवतो, म्हणजे तेलाच्या दाबाने रॉड (दांडा) ढकलणारी नळकांडी. सुरुवातीची वर्षं बरी गेली. सांगायचंय ते त्या 12 नगांचं, ज्यांनी शेडला कुलूप लागायची वेळ आणली.

गिऱ्हाइकाची मागणी एका ओळीची: "मागच्यासारखेच द्या, फक्त स्ट्रोक दुप्पट." स्ट्रोक म्हणजे रॉड किती बाहेर येतो ते. भागीदाराने जुनं ड्रॉइंग काढलं, 500 खोडून 1000 लिहिलं. बोअर, म्हणजे नळकांड्याचा आतला व्यास, 63 मिमी, रॉड 36 मिमी, तसाच. दाब तोच, भार तोच, मग बदलायचं काय? खाली सही माझीच होती. पण दोन्ही टोकांना पिन असलेल्या सिलिंडरचा रॉड पूर्ण बाहेर आला की तो खांबच. खांबाची लांबी दुप्पट झाली की बाक न येता भार पेलण्याची ताकद चौथाईवर येते. रॉड वाकले, ग्लँड (रॉड जिथून बाहेर येतो ते तोंड) एका बाजूने घासले, सील (तेल अडवणारी कडी) फाटले. रॉड 45 चा करायचा तर ग्लँड, पिस्टन, वायपर (रॉडवरची धूळ पुसणारी कडी) सगळं नवं. सगळं आमच्या खर्चाने बदलून दिलं. भागीदार त्याच महिन्यात वेगळा झाला, जाताना ट्रेसिंगचा (ड्रॉइंगच्या मूळ प्रतींचा) गठ्ठा घेऊन गेला आणि तेच सिलिंडर स्वस्तात विकू लागला.

टिकलो ते एका मेंटेनन्सवाल्या साहेबांमुळे. ते ऑर्डरसोबत ड्रॉइंग कधीच पाठवत नसत, वापरून झिजलेला सिलिंडरच पाठवत. उघडला की कळायचं: सील कडक होऊन तडकलंय, म्हणजे भट्टीजवळची जागा, नायट्राइल रबर चालणार नाही, जास्त उष्णता सोसणारं व्हायटॉन लागेल. वायपरखाली बारीक काळी पूड, म्हणजे धूळ. नव्या मालाच्या निम्म्या गरजा त्या जुन्या नगातच लिहिलेल्या असायच्या.

तेव्हापासून फाईलमधल्या प्रत्येक मापाशेजारी लाल पेन्सिलीने 'का' लिहितो. 'का' नसलेलं माप नव्या ड्रॉइंगवर जात नाही. नवीन धंदेवाल्यांनो, गिऱ्हाइकाला "काय हवं?" विचारू नका, "जुन्यात काय बिघडलं?" विचारा. आणि सिलिंडर आडवा बसणार की उभा, हे विचारायला लाजू नका.

आमच्या एका जुन्या मॉडेलचा पोर्ट (तेल आत-बाहेर जायचं तोंड) थोडा तिरका आहे. साहेबांच्या मशीनवर तिथे पाइप आडवा यायचा म्हणून. ते मशीन कधीच भंगारात गेलं. आमच्या त्या भागीदाराच्या मालावर पोर्ट अजून तिरकाच येतो.