आमची वाटचाल : भाता, सूर आणि डबी

ठाण्यात चरईतल्या आमच्या गाळ्यावर पाटी आहे ती ‘पेटी दुरुस्ती’ एवढीच. पेटी म्हणजे हार्मोनियम. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हा गाळा १९७१ साली भाड्याने घेतला. आकाशवाणीने १९४० पासून पेटीवर घातलेली बंदी त्याच साली उठली, म्हणून कुणी विचारलं की आम्ही हा योग जरा ऐटीत सांगतो. खरं कारण साधं होतं. नानांची कारखान्यातली नोकरी गेली होती आणि हातात सुतारकाम होतं.

सुरुवातीचं गिऱ्हाईक म्हणजे भजनी मंडळं. घणसोली, दिवाळे, कळवा इथली माणसं पेटी मांडीवर घेऊन एसटीने यायची. श्रावण लागला की गाळ्यात पाय ठेवायला जागा नसे. पावसात लाकूड फुगतं, दाबलेली पट्टी वर येत नाही, भात्याचं चामडं उंदरांनी कुरतडलेलं असतं, आणि गणपती दहा दिवसांवर आलेले असतात. सूर पालिताण्याहून मागवायचे. सूर म्हणजे ती पितळी जीभ, जी थरथरली की आवाज येतो. तिच्या टोकाला खरवडलं की स्वर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो. हे मी दहाव्या वर्षी शिकलो आणि तेव्हा बरेच सूर वायाही घालवले.

१९७८ मध्ये मासुंदा तलावाकाठी गडकरी रंगायतन उभं राहिलं आणि संगीत नाटकांचे ऑर्गन आमच्याकडे यायला लागले. बालगंधर्वांच्या जमान्यापासून नाट्यसंगीताला ऑर्गनची साथ रुळलेली. त्यातला एक जुना, पायाने भाता चालवायचा ऑर्गन नानांनी ८४ साली दुरुस्तीला घेतला. निम्मे सूर मुके होते. नानांनी विचार केला, अर्धवट काम कशाला, आणि सगळेच सूर नवे बसवले. जुने जांभळी नाक्याला भंगारात किलोवर विकले. म्हातारे वादक न्यायला आले, उभ्यानेच दोन ओळी वाजवल्या आणि थांबले. ‘माझे सूर कुठायत?’ एवढंच विचारलं. पैसे पुरते दिले. पुन्हा कधी आले नाहीत. नाना त्यावर बोलत नसत, पण त्या रात्री जेवले नव्हते हे मला आठवतं.

चर्चचं पहिलं काम मी एकट्याने घेतलं, ९३ साली, आणि हसं करून घेतलं. तेव्हा मला वाटायचं भाता म्हणजे भाता. आपल्या पेटीत भाता हवा ढकलतो, ती सुरांतून बाहेर पडते. त्या चर्चमधला ऑर्गन अमेरिकन घडणीचा होता. त्यात पायाने दाबलं की आतली हवा उपसली जाते आणि बाहेरची सुरांतून आत ओढली जाते. आवाज मऊ येतो तो त्यामुळेच. मी झडपांची चामडी नेहमीच्या सवयीने लावली, म्हणजे नेमकी उलटी. शनिवारी संध्याकाळी पाय मारून मारून घाम फुटला, ऑर्गन ढिम्म. फादर पाठीमागे हात बांधून बघत होते. रात्री अकराला झडपा उलटवल्या तेव्हा कुठे तो बोलला. फादरांनी चहा पाजला, उशिराबद्दल चकार शब्द काढला नाही.

त्या कामामुळे चर्चवाल्यांत नाव झालं. मग मुंबईतून एका चर्चचा फोन आला, ‘आमचा पाइप ऑर्गन बघाल का?’ मी आधी फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलचा ऑर्गन बघून आलो. १७१८ सालचं हे चर्च, ज्याच्या वाटेवरच्या दरवाजावरून चर्चगेट हे नाव पडलं. पाइप ऑर्गनमध्ये हवा आधी साठते, तिचा दाब एकसारखा केला जातो, मग ती नळ्यांखालच्या लाकडी पेटीत येते. खुंटी ओढली की नळ्यांची एक रांग चालू होते, पट्टी दाबली की त्या रांगेतली एक नळी बोलते. एका नळीचा एकच स्वर. फोन करणाऱ्यांना मी सांगितलं, चामडं शिवून देतो, नळ्यांना हात लावणार नाही. त्यांना राग आला असावा, कारण पुढे फोन नाही.

पण डोक्यात किडा राहिला. मुलगी नोकरीसाठी जर्मनीत गेली. २०१८ मध्ये आम्ही दोघं तिच्याकडे गेलो तेव्हा तिने हॅम्बर्गचं सेंट याकोबी चर्च दाखवलं. तिथला ऑर्गन आर्प श्नित्गर याने १६८९ ते १६९३ या काळात बांधला. ६० खुंट्या, सुमारे ४००० नळ्या. सर्वांत जाड आवाजाच्या रांगेचा खालचा स्वर सेकंदाला जेमतेम १८ कंपनांचा, कानाआधी बाकाला कळतो. सगळा ऑर्गन आजच्या मापापेक्षा सुमारे एक स्वर चढा. पांढरी सहा, म्हणजे सहावी पांढरी पट्टी, दाबली की पांढरी सात ऐकू येते. १७२० साली जर्मन संगीतकार बाखने इथल्या वादकाच्या जागेसाठी प्रयत्न केला होता. जागा मिळाली दुसऱ्याला, ज्याने चर्चला ४००० मार्क दिले. बायको म्हणाली, ‘म्हणजे डोनेशन.’

मला मात्र वेगळ्याच गोष्टीने धरलं. श्नित्गरने सगळं नवं केलंच नव्हतं. त्याच्या आधीच्या ऑर्गनच्या बऱ्याच नळ्या त्याने तशाच वापरल्या. पुढे १९१७ मध्ये युद्धासाठी कथील हवं म्हणून दर्शनी नळ्या काढून नेल्या. दुसऱ्या महायुद्धात उरलेल्या नळ्या वेळीच उतरवून सुरक्षित ठेवल्या म्हणून १९४४ च्या बॉम्बमध्ये चर्च जळालं तरी त्या वाचल्या. युर्गेन आरेंड या कारागिराने त्याच नळ्या धरून उरलेलं पुन्हा उभं केलं, ते पुरं झालं १९९३ मध्ये. मी ठाण्यात झडपा उलट्या लावत होतो त्याच वर्षी. बाकावर बसून मला जांभळी नाक्यावरचा भंगारवाल्याचा काटा आठवत होता.

परत आल्यावर गाळ्यात एकच बदल केला. पेटीतून काढलेला प्रत्येक सूर, मुका असला तरी, छोट्या पत्र्याच्या डबीत घालतो. वर पट्टीचा नंबर आणि तारीख लिहितो, आणि डबी पेटीबरोबर गिऱ्हाइकाला देतो. पुढे कुणाला पेटी पूर्ववत करायची असेल तर माल हाताशी असावा. पोराला हा वेळखाऊपणा वाटतो, आणि डब्यांचा खर्च खरंच होतो.

गेल्या गणपतीत घणसोलीचे एक बुवा डबी घेऊन परत आले. जुने सूर माझ्या टेबलावर ओतले आणि रिकामी डबी खिशात टाकली. तंबाखूला बरी पडते म्हणाले.