ते जुलाब नव्हतेच

"मॅडम, तीन महिने झाले, जुलाब थांबतच नाहीत. दिवसातून चार-पाच वेळा चड्डी खराब करतो." सहा वर्षांच्या नातवाला पुढे करत आजी म्हणाल्या. आईच्या हातातल्या पिशवीत जुलाबाच्या औषधांच्या तीन बाटल्या आणि जादाची चड्डी. पोरगं खाली मान घालून उभं. वर्गात कुणी शेजारी बसत नव्हतं, घरी वडिलांचा मारही खाऊन झाला होता.

वजन 19 किलो, जीभ ओली, डोळे टवटवीत. तीन महिने जुलाब होणारं मूल असं दिसत नाही. टेबलावर झोपवून पोट तपासलं. बेंबीच्या खाली, डाव्या बाजूला लिंबाएवढा गोळा हाताला लागला. बोट दाबलं की कणकेसारखा खळगा पडायचा. शीचा गोळा होता तो.

"कडक शी कधी झाली होती?" आई आठवत राहिली. "दिवाळीत. रक्त आलं होतं, खूप रडला."

तेव्हा दुखलं म्हणून त्याने शी दाबून धरायला सुरुवात केली. थांबलेल्या शीतलं पाणी आतडं शोषत राहतं, खडा वाढतो. गुदाशय, म्हणजे आतड्याचा शेवटचा भाग, ताणून सैल पडतो, मग शी आलेली मुलाला कळतच नाही. वरची पातळ शी खड्याच्या कडेने झिरपते आणि चड्डीत येते. त्यावर जुलाब थांबवायचं औषध! मला त्या बाटल्या बघवेनात. शाळेच्या संडासाला कडी नाही, हे त्याने हळूच माझ्या कानात सांगितलं.

जन्मल्यावर पहिल्याच दिवशी काळी शी झाली होती, वाढ वयाप्रमाणे होती, पाठीचा कणाही ठीक. त्यामुळे जन्मजात दोषाची शंका मागे पडली. खडा निघेपर्यंत शी मऊ करणारी पॉलीइथिलीन ग्लायकॉलची पावडर जास्त प्रमाणात दिली, नंतर रोज थोडी. जेवणानंतर आतडं आपोआप हलतं, म्हणून तेव्हाच दहा मिनिटं संडासला बसवायचं, पायाखाली पाट ठेवून. दूध चार पेल्यांवरून दोनवर.

वडिलांना मुद्दाम बोलावून घेतलं. "तो मुद्दाम करत नाही हो, त्याला कळतच नाही," म्हटल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पोराला जवळ ओढून मांडीवर घेतलं.

पाच महिने झाले, पावडर अजून चालू आहे. मध्ये मावशीच्या लग्नात चार दिवस चुकली, तर चड्डीला पुन्हा डाग दिसला. या वेळी मात्र त्याने स्वतःच आईला येऊन सांगितलं.