फुंकर

२१ डिसेंबर, रात्री उशिरा

वर्षातला सर्वांत लहान दिवस संपला. नखांच्या कडेला अजून गेरू आहे, दोनदा साबण लावूनही निघाला नाही.

या तारखेला मला न्यूग्रेंज आठवतंच. आयर्लंडमधल्या बॉइन नदीच्या खोऱ्यातली ही दगडमातीची समाधी सुमारे ५,२०० वर्षांची, म्हणजे गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्याही आधीची. दाराच्या वर एक झरोका ठेवलाय. या चार-दोन दिवसांत सूर्य उगवला की त्यातून उन्हाची तिरीप आत शिरते, १९ मीटरांच्या बोळातून सरकत आतल्या खोलीपर्यंत पोचते आणि साधारण १७ मिनिटांत निघून जाते. मग पुढच्या हिवाळ्यापर्यंत काळोख. आत ऊन येतं, असं आसपासचे लोक फार पूर्वीपासून सांगत आले होते. ते खरं का, हे पाहायला पुरातत्त्वज्ञ मायकेल ओ'केली १९६७ साली आजच्याच तारखेला तिथे जाऊन बसले. ऊन आलं.

त्यांचं ते अंधारात बसणं मला फार जवळचं वाटतं. आभाळ भरलेलं असेल तर आत काहीच दिसत नाही. ज्यांनी तो झरोका ठेवला त्यांनाही पहाटे हीच धाकधूक असेल.

दुपारी भाचीला घेऊन हातांचे ठसे काढायला बसले. ठसे तरी कसे म्हणायचे? हात कागदावर टेकवायचा, भोवती रंग फुंकायचा आणि हात उचलायचा. उरते ती हाताची रिकामी जागा. अर्जेंटिनातल्या 'हातांच्या गुहेत', क्वेवा दे लास मानोसमध्ये, असे शेकडो हात आहेत. सर्वांत जुने नऊ हजार वर्षांपलीकडचे. तिथे हाडाच्या नळीचे तुकडेही सापडले. आम्ही गेरू पातळ कालवला, एक स्ट्रॉ त्यात उभी धरली आणि दुसरीने तिच्या तोंडावर आडवी फुंकर मारली. पहिल्या खेपेला नुसते ओघळ आले. चौथ्या-पाचव्या खेपेला जमलं, पण गाल दुखायला लागले आणि जराशी चक्करच आली. एका हाताला इतका दम लागतो, हे कुठल्याही चित्राकडे बघून मला कधी कळलं नसतं.

आणि मग लास्को डोक्यातून जाईना. फ्रान्समधल्या त्या गुहेतले बैल आणि घोडे सुमारे १७,००० वर्षं टिकले. तिथलेही काही रंग फुंकूनच लावलेले. १९४० साली गुहा सापडली, १९४८ला लोकांसाठी उघडली, आणि आमच्यासारख्या प्रेमाने बघायला येणाऱ्यांच्या श्वासातल्या ओलीने, कार्बन डायऑक्साइडने भिंती बिघडायला लागल्या. १९६३मध्ये दार बंद झालं. आता लोक शेजारची प्रतिकृती बघतात. बंद केली तेच योग्य, याबद्दल मला शंका नाही. तरी वाईट वाटतंच. श्वासाने काढलेल्या चित्रांजवळ आपण श्वास घ्यायचा नाही.

म्हणून पेरूमधला तो गवताचा पूल मला एवढा आवडतो. केस्वाचाका. आपुरिमाक नदीवरचा हा पूल इंकांच्या काळापासून चालत आलेला, पण त्यातली एकही काडी फार जुनी नाही. दर जूनमध्ये चार गावं जमतात. घरोघरी वळलेल्या बारीक दोऱ्यांचे जाड दोर वळले जातात, जुना पूल कापून नदीत सोडला जातो आणि तीनेक दिवसांत नवा उभा राहतो. जुना पूल सोडून देताना कोणाला हळहळ वाटत असेल का? मला वाटतं, हातात नवा दोर असल्यावर नसावी.

भाची डावरी आहे. नळी डाव्या हातात धरल्यामुळे तिचा उजवा पंजा उमटला, माझा डावा. अर्जेंटिनातल्या त्या गुहेत बहुतेक हात डावेच आहेत, हे मी तिला सांगत होते. माणसं नळी उजव्या हातात धरत असतील म्हणून.

"सगळेच डावे?"

"नाही. थोडे उजवेही आहेत."

तिने स्वतःच्या पंजाकडे बराच वेळ पाहिलं. कागद उचलला आणि तो वाळेपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही.