आमच्या एम.एस्सी.चा पाच वर्षांचा प्लॅन: माझा अनुभव

सांगलीत आमच्या कॉलेजला केमिस्ट्रीचं एम.एस्सी. आहे. आयडीपी, म्हणजे इन्स्टिट्यूशनल डेव्हलपमेंट प्लॅन लिहायची वेळ आली आणि पीजीचा भाग सरांनी माझ्या गळ्यात मारला. पहिली मीटिंग व्हिजन-मिशन आणि स्वॉक, म्हणजे बलस्थानं, उणिवा, संधी, आव्हानं यांच्या यादीतच गेली, 'ग्लोबल' हा शब्द कुठं बसवायचा यावरच निम्मा वेळ.

मॅनेजमेंटला नवीन पीजी कोर्स हवा होता. पण तो विद्यापीठाच्या बृहत आराखड्यात, म्हणजे कुठं कुठले नवीन कोर्स हवेत त्या प्लॅनमध्ये बसावा लागतो, 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यातच आहे ते, नुसतं मागितलं की मिळालं असं नाही. मी म्हटलं, आधी आहे त्याचं बघू या का, कारण संलग्न कॉलेजांत पदवीला एनईपी, म्हणजे नवीन शैक्षणिक धोरण आलं 2024-25 ला, म्हणजे ऑनर्सचं चौथं वर्ष 2027-28 ला, ते करणारी पोरं त्या वर्षी एम.एस्सी. भाग एकला, म्हणजे पहिल्या वर्षाला येणारच नाहीत, पुढच्या वर्षी थेट एक वर्षाच्या पीजीला येणार. मग त्या वर्षी भाग एकला किती राहतील? आणि चौथं वर्ष आणि भाग एक दोन्ही एकाच लॅबमध्ये, तेच धूर ओढणारे फ्यूम हूड, तेच आम्ही. हे मांडल्यावर मीटिंग जरा शांत झाली.

खरी डोकेदुखी ओजेटीची, म्हणजे बाहेर प्रत्यक्ष कामावर जाऊन घ्यायच्या ट्रेनिंगची. दुसऱ्या सेमला 4 क्रेडिट, म्हणजे 120 तास. सगळ्यांना कुपवाड एमआयडीसीत कोण घेणार? त्यात जत-आटपाडीच्या मुली विचारतात, "मॅडम, गावाजवळ चालंल का?" चालतंय की! साखर कारखान्याची लॅब आहे, ब्रिक्स, पोल, म्हणजे रसात विरघळलेलं किती आणि त्यात साखर किती, ते रोज काढतात, शिकायला भरपूर. पण आमचं दुसरं सेम रंगात येईपर्यंत गळीत हंगाम संपत आलेला असतो, मग पोरीनं तिथं जाऊन काय बघायचं, बंद मिल? म्हणून प्लॅनमध्ये कारखान्याचे तास सेमच्या सुरुवातीलाच घेतले, आणि उरलेल्यांना हळदीतलं करक्युमिन, द्राक्षातले फवारणीच्या औषधांचे अंश तपासणाऱ्या लॅब ठेवल्या.

सीडीसीत, म्हणजे कॉलेजच्या विकास समितीत, नवीन कोर्सचं पान मागं गेलं, ओजेटीचं पुढं आलं. एक मेंबर म्हणाले, यात व्हिजन कुठाय? सरांनी पान उलटून दाखवलं.

आता कारखान्यांना पत्रं टाकायचीयत, तीही दसऱ्याच्या आत, एकदा मोळी टाकून गळीत सुरू झालं की तिथले केमिस्ट फोन उचलत नाहीत.