गुरुवारी तुटलेली सुई

कपड्यांच्या कारखान्यात तपासणीला गेले की मी हजेरीपत्रकाच्या आधी तुटलेल्या सुयांची वही मागते.

शिलाई मशीनवर सुई तुटली की ऑपरेटरने मशीन थांबवायचं, तुकडे शोधायचे आणि सुपरवायझरकडे न्यायचे. तुकडे जुळवून अख्खी सुई झाली तरच नवी मिळते. जुनी सुई वहीत चिकटपट्टीखाली जाते आणि तिच्याशेजारी तारीख, वेळ, लाइन, मशीन नंबर, ऑपरेटरचं नाव आणि सही येते. टोकाचा बारीक कण जरी सापडला नाही, तरी त्या मशीनच्या आसपासचे सगळे बंडल बाजूला काढून मेटल डिटेक्टरमधून फिरवावे लागतात. लहान मुलाच्या झबल्यात सुईचं टोक गेलं तर अख्खी शिपमेंट परत येऊ शकते. म्हणून या वहीत खोटं लिहायला कुणी धजत नाही. वही क्वालिटी विभागाची असते, हजेरी एचआरची, आणि दोन्ही शेजारी ठेवून कुणी पाहत नाही. मी पाहते.

माझं काम सोशल ऑडिटचं. परदेशी ब्रँड आपला माल जिथे शिवला जातो तिथे कामाचे तास, पगार, सुट्टी नियमाप्रमाणे आहे का ते बघायला आमच्यासारख्यांना पाठवतात. सकाळी मालकांशी बैठक, मग कारखान्यात फेरी, कागदपत्रं, कामगारांशी एकेकट्याने बोलणं आणि संध्याकाळी निष्कर्ष वाचून दाखवणं, असा दिवस जातो. माझे काही सहकारी मस्टर बघतात, पगारपत्रक बघतात, बेरीज जुळली की सही करतात. मस्टर जुळवूनच ठेवलेलं असतं हे त्यांना माहीत असतं. मला याचा राग येतो, कारण त्यांच्या सहीवर पुढची दोन वर्षं तो कारखाना स्वच्छ ठरतो.

त्या दिवशीचा कारखाना पिंपरी-चिंचवड पट्ट्यातला होता. लहान मुलांचे कपडे, सगळा माल युरोपला, कामगारांत बहुतेक बायका. इकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार सगळ्या भागांवर एकाच दिवशी येऊ नये म्हणून औद्योगिक वसाहतींच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारी वाटून दिल्या गेल्या, त्यात आमच्या पट्ट्याला गुरुवार आला. कायद्यातही त्याला जागा होती. कारखाने अधिनियम 1948 मधला आठवडा शनिवारच्या मध्यरात्रीपासून सुरू होतो, पण एखाद्या भागासाठी मुख्य निरीक्षक दुसरी रात्र लेखी मंजूर करू शकत असत.

मस्टर सुबक होतं. प्रत्येक गुरुवारी सगळ्यांसमोर साप्ताहिक सुट्टी. पंचिंग मशीनचा डेटाही तसाच. मी सुयांची वही उघडली, मोबाइलवर कॅलेंडर काढलं आणि तारखा लावत गेले. तिसऱ्याच पानावर गुरुवार निघाला. दुपारी पावणेचारची वेळ, लाइन तीन, ओव्हरलॉक मशीन, खाली सही. त्याच तारखेला आणखी दोन सुया. पुढच्या गुरुवारी चार. त्याच्या पुढच्या गुरुवारीही.

एका वहीवर मी कधी थांबत नाही. मेटल डिटेक्टर दर तासाला चाचणीचं कार्ड फिरवून तपासायचा असतो, त्याची नोंद मागवली. गुरुवारी सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत सगळ्या नोंदी हजर होत्या. मग जनरेटरचं लॉगबुक मागितलं. पुणे परिसरात महावितरण देखभालीसाठी वीज बंद ठेवते ती बहुधा गुरुवारीच. कारखाना खरोखर बंद असता तर जनरेटर चालवायचं कारणच नव्हतं. लॉगबुकात त्याच गुरुवारी साडेचार तास आणि त्या तासांचं डिझेल लिहिलेलं होतं. ते ज्याने लिहिलं तो मेंटेनन्सचा मुलगा प्रामाणिक होता, त्याला हे लपवायचं असतं हेच कुणी सांगितलेलं नव्हतं.

म्हणजे बायका सलग तीन गुरुवार कामावर होत्या. दोन सुट्ट्यांच्या मधले दिवस मोजले तर सत्तावीस. कायदा सुट्टीच्या दिवशी काम करूच नका असं म्हणत नव्हता. त्या दिवसाच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत पूर्ण दिवसाची बदली सुट्टी द्या, आधी निरीक्षकांच्या कार्यालयाला कळवा, कारखान्यात सूचना लावा, एवढंच सांगत होता. आणि कशीही अदलाबदल केली तरी कुणाचं सलग काम दहा दिवसांपुढे जाता कामा नये. अडचणीला वाट ठेवलेला असा नियम इतक्या सर्रास बाजूला सारला जातो, याची मला अजून सवय झालेली नाही.

दुपारी मुलाखती घेतल्या. पहिल्या काही जणींनी एकच वाक्य म्हटलं, ‘दर गुरुवारी सुट्टी असते मॅडम.’ पढवलेलं उत्तर ओळखू येतं, कारण त्यात कुणाची स्वतःची तक्रार नसते. मग लाइन तीनमधल्या पन्नाशीकडे झुकलेल्या एक बाई आल्या. कॉलर जोडायचं काम त्यांचं, लाइनमधलं सगळ्यात कसबाचं. मी वही दाखवली नाही, फक्त विचारलं की गेल्या महिन्यात गुरुवारी काय केलंत.

त्यांनी दाराकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘ताई, तुम्हाला कळलंय ना? मग एक करा, ते लिहू नका.’

गुरुवारचे त्यांना पाचशे रुपये लिफाफ्यात मिळत होते. जादा कामाला दुप्पट दर द्यायचा असतो, हे त्यांच्या पगाराच्या हिशेबाने जेमतेम एकेरी होतं. ते मी त्यांना सांगितलं. ‘ते मला माहीत नाही का?’ त्या म्हणाल्या. ‘पण तुम्ही लिहिलंत तर दुप्पट मिळणार नाही, गुरुवार बंद होईल. माझी मुलगी नर्सिंगला आहे. गुरुवारच्या पैशावर तिची फी जाते.’ मग थोडं थांबून म्हणाल्या, ‘आणि गुरुवारी घरी बसून करू काय? पोरं कॉलेजात, नवरा ड्यूटीवर. रविवार असता तर गोष्ट वेगळी होती.’

त्यांच्यानंतर त्याच लाइनमधली एक तरुण मुलगी आली, हेल्परचं काम करता करता शिकून मशीनवर गेलेली. तिचा मुलगा दोन वर्षांचा, सासूकडे राहतो. सासू गुरुवारी सांभाळत नाही, तिला मठात जायचं असतं. ही एका गुरुवारी आली नाही. शुक्रवारी तिला मशीनवरून उठवून धागे कापायला बसवलं आणि महिन्याचा हजेरी बोनसही गेला. ‘गुरुवारी यायचं की नाही हे विचारतात का?’ मी विचारलं. ‘विचारतात ना. सगळ्यांसमोर विचारतात.’

दोघींच्या मशीन एकमेकींपासून हाताच्या अंतरावर. एकीला गुरुवार हवा आहे कामासाठी, दुसरीला घरासाठी, आणि माझ्या अहवालात दोघींसाठी चौकट एकच: उल्लंघन आहे की नाही.

फाइलमध्ये संमतीपत्रं लावलेली होती. ‘मी स्वखुशीने जादा काम करण्यास तयार आहे.’ सगळी एकाच हस्ताक्षरात, खाली वेगवेगळ्या सह्या. ती मुलगी म्हणाली, सही पगाराच्या दिवशी घेतात, वर काय लिहिलंय ते वाचायला वेळ नसतो. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या जादा कामाची मर्यादा तीन महिन्यांत 115 तासांवरून 144 तास करायला मंजुरी दिली, कामगाराच्या लेखी संमतीच्या अटीवर. ती बातमी वाचली तेव्हा मला हीच फाइल आठवली. लेखी संमती कशी मिळवली जाते हे ज्याने एकदा पाहिलं आहे, त्याला त्या अटीचा आधार वाटू शकत नाही. नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कारखाने अधिनियमाच्या जागी नवी कामगार संहिता आली. सहा दिवसांनंतर सुट्टी आणि जादा तासाला दुप्पट दर तिच्यातही आहेत. सगळ्यांसमोर विचारलेल्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणायची सोय आधीही नव्हती, आताही नाही.

संध्याकाळच्या बैठकीत एचआरचे साहेब आधी म्हणाले की सुयांच्या वहीत तारीख चुकली असेल. मी जनरेटरचं लॉगबुक पुढे ठेवलं. ते गप्प झाले. प्रॉडक्शन मॅनेजर उठून गेले आणि एक छापील वेळापत्रक घेऊन आले. मला वाटलं होतं भांडतील, पण ते नीट समजावून सांगू लागले.

ऑर्डर आली तेव्हा जहाजाची तारीख ठरली. कापडाच्या रंगाचा नमुना ब्रँडकडे गेला, तो दोनदा नापास झाला. तिसऱ्यांदा पास झाला तोवर अडीच आठवडे उलटले होते. मग बटण बदललं. मग अंतिम नमुन्यावर शेरा आला की मान अर्धा सेंटिमीटर मोठी करा. प्रत्येक ईमेलवर तारीख होती. जहाजाची तारीख मात्र एका दिवसानेही हलली नाही. उशीर झाला तर माल विमानाने पाठवायचा आणि भाडं कारखान्याने भरायचं. ‘मॅडम,’ ते म्हणाले, ‘ते तीन आठवडे मी कुठून आणू? माझ्याकडे गुरुवारच आहेत.’

मी त्यांची बाजू मान्य केली नाही. दुप्पट दर बुडवायला ब्रँडने सांगितलं नव्हतं, खोटं मस्टरही ब्रँडने लिहिलं नव्हतं. पण त्यांच्या वेळापत्रकातली एकही तारीख खोटी नव्हती. ज्या ब्रँडने मला तास तपासायला पाठवलं, त्याच ब्रँडच्या दुसऱ्या विभागाने ते तास खाल्ले होते, आणि माझ्या साठ पानी प्रश्नावलीत ते लिहायला जागा नव्हती.

त्या रात्री मी निष्कर्ष लिहिला: साप्ताहिक सुट्टी नाही, बदली सुट्टी नाही, जादा कामाचा दर अपुरा, नोंदी खोट्या. कॉलरवाल्या बाईंनी सांगितलं तसं मी केलं नाही, आणि जे लिहिलं तेच लिहायला हवं होतं असं मला आजही वाटतं. त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं.

रविवारच्या सुट्टीची गोष्ट आपल्याकडे कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाने सांगितली जाते. 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी ती मान्य केली आणि आपण ती तारीख साजरी करतो. माझं मन मात्र 1884 च्या मागण्यांकडे जातं. त्या वर्षी गिरणी कामगारांच्या सभांतून जो अर्ज निघाला, त्यात रविवारच्या सुट्टीबरोबर दुपारची अर्धा तास विश्रांती होती, दिवसभराच्या कामाला सूर्यास्ताची सीमा होती, आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत हातात पडावा, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा, हेही होतं. सुट्टी आणि पैसा एकाच कागदावर. आम्ही तपासणीवाल्यांनी त्यांच्या दोन चौकटी केल्या. तासांच्या चौकटीत मी उल्लंघन लिहिते. पगाराच्या चौकटीत किमान वेतन मिळतं की नाही एवढंच तपासते, आणि ते त्या कारखान्यात पूर्ण मिळत होतं. सहा दिवसांच्या त्या पगारात नर्सिंगची फी बसते का, हे विचारायला मला कुणी पाठवत नाही.

काही महिन्यांनी फेरतपासणीला मीच गेले. गुरुवार खरोखर बंद झाला होता. सुयांची वही स्वच्छ, जनरेटरचं लॉगबुक स्वच्छ. मागच्या गुरुवारांचा फरक दुप्पट दराने खात्यांत जमा झाल्याच्या बँकेच्या नोंदी मी एकेक करून तपासल्या, त्या बरोबर होत्या. ती तरुण मुलगी पुन्हा मशीनवर बसली होती. मुलगा गुरुवारी तिच्याकडे असतो, असं तिने न विचारता सांगितलं.

कॉलरच्या मशीनवर दुसरंच कुणी होतं. त्या बाई फरकाचे पैसे घेऊन दिवाळीनंतर सोडून गेल्या, असं कळलं. आता घरी मशीन घेतली आहे, एका ठेकेदाराकडून शाळेचे गणवेश नगावर आणतात. नगावर शिवणाऱ्याला मस्टर नसतं, आठवड्याची सुट्टीही नसते, आणि तिथे माझ्यासारखं कुणी तपासायला जात नाही. मुलीच्या फीचं काय झालं हे त्यांच्या जुन्या लाइनमधल्या कुणाला ठाऊक नव्हतं.

पहिल्या अहवालाला मी प्रॉडक्शन मॅनेजरचं वेळापत्रक आणि ब्रँडच्या ईमेलच्या तारखा परिशिष्ट म्हणून जोडल्या होत्या. आमच्या कार्यालयातल्या परीक्षकाने ते काढून टाकलं, शेरा होता: कार्यकक्षेबाहेर. फेरतपासणीच्या अहवालाला मी ते पुन्हा जोडलं, सोबत पत्र लिहिलं की नमुन्याला जितके दिवस उशीर होईल तितके दिवस जहाजाची तारीख पुढे सरकवण्याची अट ब्रँडने करारात घातल्याशिवाय हे गुरुवार परत येतील. त्या पत्राला उत्तर आलेलं नाही. उन्हाळी कपड्यांचा हंगाम आता सुरू होतो आहे, आणि रंगाचा पहिला नमुना या वर्षीही नापास झाल्याचं परवा प्रॉडक्शन मॅनेजरनी फोन करून सांगितलं.